अभ्यासाचें वळण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यार्थी व त्यांचे आईबाप यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान. उत्सव-मंडळाच्या आग्रहावरून येथें छापलें आहे.)



आजच्या सभेसाठीं उत्सव-मंडळानें आम्हांस जो विषय दिला होता तो ‘विद्यार्थ्यांचें कर्तव्य’ हा होय. तो आम्हीं विनयपूर्वक परत केला. कर्तव्याविषयीं देवळांत, शाळेंत व घरोघरीं तुम्हांस पुष्कळ सांगितलें जातें, आणि सांगणारांत आम्हीही आहों. परंतु पुस्तक उघडून बसल्यावर पुढें करावयाचें काय, हें मात्र क्वचितच कोणी सांगतो. म्हणून कर्तव्य आज बाजूस ठेवून आम्ही कृतीविषयीं बोलणार आहों.

ह्यास एक कारण आहे व तें आमच्या मनास लागून राहिलेलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. त्यांची मोगऱ्याची वाडी होती. पहाटे फुलें खुडावयाचीं, टोपली डोक्यावर घेऊन गाडी गांठावयाची व दादरच्या बाजारांत माल घालावयाचा, असा त्या घराचा क्रम. मुलगा दहावींत होता व सराव परीक्षेंत गणितांत नापास झाला होता. “फादर, ह्याला चार शब्द सांगा,” एवढेंच ते म्हणाले. आम्हीं चारांऐवजीं चारशें सांगितले. परिश्रम, चिकाटी, बापाच्या डोक्यावरची टोपली, आईचे हात, कांहीं म्हणून शिल्लक ठेवलें नाहीं. मुलगा खालीं मान घालून ऐकत होता.

त्यानें तें सर्व मनावर घेतलें, हीच ह्या हकीकतींतील दुःखाची गोष्ट आहे. तो रोज पांच पांच तास बसूं लागला. परीक्षेंत गणितांत पुन्हां नापास झाला, फेरपरीक्षेंतही झाला, तिसऱ्यांदां बसलाच नाहीं. मुलगा बुद्धीनें बेताचा असावा, असें म्हणून आम्ही मोकळे झालों. पुढें एकदां त्यांच्या घरीं गेलों असतां माळ्यावर पडलेली त्याची एक वही हातीं आली. ती चाळून पाहिली. एकाच रीतीचीं वीस गणितें, सुवाच्य अक्षरांत, एकूण एक बरोबर. पान उलटावें तों पुढच्या प्रकरणाचीं वीस, तींही बरोबर. आम्हीं आश्चर्यानें विचारलें, “अरे, हें सगळें तुला येत होतें?” तो म्हणाला, “घरीं सगळं येत होतं, फादर. पेपरांत कुठलं गणित कुठल्या रीतीचं, तेंच कळेना.”

मुलगा आळशी नव्हता, मंदही नव्हता. कष्ट कर एवढें आम्हीं त्यास सांगितलें, पण कष्ट कसे करावे तें सांगितलें नाहीं. सांगणार तरी कसें? तें आम्हांसच ठाऊक नव्हतें. आज तो वाडी पाहतो. फुलांच्या चढउतार भावांचा हिशेब तो तोंडीं व बिनचूक करतो, हें पाहून आम्हांस अधिकच वाईट वाटतें. त्याच्या संमतीनेंच ही हकीकत येथें सांगितली आहे. त्यानंतर ह्या विषयावरचें जें जें हातीं लागलें तें आम्हीं वाचलें. त्यांतलें कांहीं आज तुमच्यापुढें ठेवतों.

प्रथम त्या वहीविषयींच. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत रोहरर व टेलर ह्या दोन संशोधकांनीं कॉलेजच्या विद्यार्थ्यांस घनाकृतींचें घनफळ काढण्याच्या चार रीती शिकविल्या व ह्या प्रयोगाचा वृत्तांत 2007 सालीं प्रसिद्ध केला. एका गटानें एका रीतीचीं सर्व गणितें संपवून मग दुसरी रीत घेतली. दुसऱ्या गटानें चारही रीतींचीं गणितें मिसळून सोडविलीं. सराव चालू असतां पहिला गट फार पुढें होता. त्याचीं शेंकडा 89 उत्तरें बरोबर आलीं, मिसळणारांचीं केवळ 60. आठवड्यानें परीक्षा घेतली तेव्हां पहिल्या गटाचीं शेंकडा 20 बरोबर निघालीं व दुसऱ्याचीं 63. कारण उघड आहे. एकाच रीतीचीं वीस गणितें मांडणारा पहिलें गणित सोडवितांना विचार करतो व उरलेल्या एकोणिसांत हात चालवितो. कोणती रीत कोठें लावावी, हा जो परीक्षेंतला खरा प्रश्न, तो त्याच्यापुढें घरीं कधीं उभाच राहत नाहीं. तेव्हां मुलांनो, नवी रीत शिकतांना चार-पांच गणितें त्या रीतीचीं करा. पण त्यानंतर मागच्या तीन प्रकरणांतलीं एकेक उचलून त्यांत मिसळा. चुका वाढतील, वेळ अधिक लागेल, आणि आपणांस कांहींच येत नाहीं असें वाटेल. वाटूं द्या.

जी गोष्ट गणिताची तीच वाचनाची. आपल्या घरांतून अभ्यास म्हणजे वाचणें, व पुष्कळ अभ्यास म्हणजे पुन्हां पुन्हां वाचणें, असा समज आहे. धडा तिसऱ्यांदां वाचतांना तो ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच ज्ञान अशी मनाची फसगत होते. देवळांत दर रविवारीं ज्यांचे चेहरे आपण पाहतों त्या सर्वांचीं नांवें आपणांस सांगतां येतील काय? आम्हांस तरी येत नाहींत, आणि ह्याबद्दल पुष्कळ वयस्क भगिनींचा आमच्यावर राग आहे.

रोडिगर व कार्पिकी ह्या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा एक प्रयोग ह्या बाबतींत पाहण्यासारखा आहे. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा दोनदां वाचला. इतरांनीं तो एकदां वाचला व मग कागद मिटवून आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां दोनदां वाचणारे किंचित् सरस ठरले: शेंकडा 81, विरुद्ध 75. परंतु आठवड्यानें पाहतां दोनदां वाचणारांस 42 भाग आठवले व लिहून काढणारांस 56. म्हणजे उद्यां सकाळच्या तोंडी परीक्षेपुरतें आज रात्रीं घोकणारा विद्यार्थी अगदींच मूर्ख नव्हे. पण मार्च महिन्याची परीक्षा उद्यां सकाळीं नसते. ह्यावरून जी रीत निघते ती फार सोपी आहे व तिला एक पैसाही लागत नाहीं. दोन पानें वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर जें आठवेल तें लिहा, वाटल्यास चुलीपाशीं बसलेल्या आजीला आपल्या सामवेदींत किंवा वाडवळींत समजावून सांगा. मग पुस्तक उघडून जें राहिलें तेवढेंच वाचा. आजीला सांगण्याचा एक विशेष फायदा आहे. जें तुम्हांस घरच्या बोलींत सांगतां येत नाहीं, तें तुम्हांस इंग्रजींतही समजलेलें नसतें; तें केवळ पाठ झालेलें असतें.

आठवणीचा दुसरा नियम त्याहून जुना आहे. हर्मान एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्या किती वेळानें किती विसरतात हें वर्षानुवर्षें मोजलें व 1885 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. पाठ केलेली यादी पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात, हें त्याचें माप होतें. एका तासानें श्रमांची बचत निम्म्याहूनही कमी उरे. एका दिवसानें सुमारें एक तृतीयांश. आणि महिन्यानें सुमारें एक पंचमांश. म्हणजे विसर पडतो तो आरंभींच झपाट्यानें पडतो, व मागाहून मंदावतो. अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांइतका लवकर विसरत नाहीं हें खरें. तथापि क्रम हाच. म्हणून आज शिकलेल्या धड्याची उजळणी उद्यां, मग आठवड्यानें, मग महिन्यानें करावी. दहा दहा मिनिटें पुरतात. आमच्या पूर्वजांस हें प्रयोगावांचून ठाऊक होतें. येशूसंघीयांनीं आपल्या शाळांसाठीं 1599 सालीं जी शिक्षणसंहिता ठरविली, तींत रोजच्या पाठाची उजळणी रोज व आठवड्याची शनिवारीं, असा नियम घालून ठेविला आहे.

येथवर सर्व सोपें होतें. रीत समजणें कठीण नाहीं. समजलेली रीत उद्यां संध्याकाळीं सात वाजतां अमलांत आणणें हेंच कठीण आहे. ह्या बाबतींत आम्ही स्वतःचीच साक्ष देतों. सेमिनरींत असतांना आमचा दिवस घंटेवर चाले. घंटा झाली कीं उठावें, घंटा झाली कीं अभ्यासाला बसावें, घंटा झाली कीं बोलणें बंद करावें. इतक्या वर्षांत एकदांही अभ्यासाची वेळ चुकली नाहीं, ह्याचा आम्हांस अभिमान असे. दीक्षा झाली, पहिल्या धर्मग्रामांत गेलों, आणि तेथें आमच्यासाठीं घंटा वाजविणारा कोणी नव्हता. वर्षभरांत आमचें एक पुस्तक वाचून पुरें झालें नाहीं. रविवारचें प्रवचन शनिवारीं रात्रीं अकराला लिहूं लागलों. तें ऐकणारांच्या लक्षांत आलें नसेल असें समजण्याचें कारण नाहीं. शिस्त आमच्या अंगीं होती असें आम्हांस वाटत होतें. ती घंटेच्या अंगीं होती. आज आमचीं मुलें दहावीपर्यंत आईच्या हांकेवर अभ्यास करतात, व पुढें अकरावीस चर्चगेटच्या गाडींत बसलीं कीं हांक ऐकूं येईनाशी होते. मग पहिल्या वर्षाचा निकाल पाहून आपण म्हणतों कीं, मुंबईनें मुलगा बिघडविला.

स्वतःची घंटा स्वतः वाजवावयास शिकणें, ही ह्यांतली मुख्य गोष्ट होय. संत इग्नेशियस लोयोला ह्यांचें उदाहरण आम्हांस येथें फार उपयोगी वाटतें. पूर्वायुष्यांत ते शिपाई होते. 1521 सालीं पांपलोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्यानें पाय जायबंदी झाला. पुढें अभ्यासाची गरज पटून 1524 सालीं, वयाच्या सुमारें तेहतिसाव्या वर्षीं, बार्सेलोना शहरांत ते लहान मुलांबरोबर लॅटिन व्याकरण शिकावयास बसले. रूपें पाठ करावयास घेतलीं कीं त्यांच्या मनांत उत्तमोत्तम आध्यात्मिक विचारांची गर्दी होई व पाठांतर जागच्या जागीं राही. कांहीं काळानें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, प्रार्थनेच्या वेळीं हे विचार येत नाहींत. नेमके व्याकरणाच्या वेळींच येतात! तेव्हां त्यांनीं हा मोह म्हणून ओळखला. त्यांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. मनांतल्या मनांत निश्चय करून ते थांबले नाहींत. आपल्या मास्तरांस जवळच्या देवळांत घेऊन गेले, झालेला प्रकार सांगितला, आणि बार्सेलोनांत भाकर-पाणी मिळेल तोंवर हीं दोन वर्षें आपण पाठ चुकविणार नाहीं, असें त्यांस वचन दिलें. पुढें आल्काला येथें त्यांनीं तर्कशास्त्र, भौतिकी व ईश्वरविद्या एकदमच उरकण्याची घाई केली, तिचा उपयोग झाला नाहीं; पाया कच्चा राहिला हें ओळखून 1528 सालीं पॅरिसमध्यें ते पुन्हां मुलांच्या रांगेंत जाऊन बसले. नापास झालेल्या आमच्या मुलांनीं हा दुसरा भाग अवश्य लक्षांत ठेवावा.

तुमचे मोह इतके आध्यात्मिक नसतात, हें आम्ही जाणतों. तो मोह आज हाताएवढा असून खिशांत राहतो. मोबाइल वाईट म्हणून आम्ही शिव्याशाप देणार नाहीं. आमचेंही पंचांग, पत्रव्यवहार व मिस्सांची यादी त्यांतच आहे. परंतु संत थॉमस अक्विनास ह्यांनीं एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. अभ्यासशीलतेची गणना ते संयमाच्या सद्गुणांत करतात, आणि तिच्यापुढें उभी करतात ती भरकटलेली जिज्ञासा. आळस नव्हे, जिज्ञासा! जाणण्याची भूक सर्वांसच आहे. ती कोठेंही तोंड घालते म्हणून तिला लगाम हवा. तिच्या ह्या भरकटण्यास मराठींत चोंबडेपणा असा नेमका शब्द आहे. कोणाच्या लग्नांत काय झालें, कोणी कोठें फिरावयास गेलें, हें दर पांच मिनिटांस पाहणारा मुलगा आळशी नसतो. त्याची भूक चुकीच्या ताटावर बसलेली असते. उपाय एकच: इच्छाशक्तीशीं झुंजत बसूं नये, अंतर वाढवावें. फोन उलटा करून टेबलावर ठेवणें म्हणजे उपवासाच्या दिवशीं लाडवांचा डबा पदराखालीं झांकून बसणें होय. तो दुसऱ्या खोलींत, आईच्या कपाटांत ठेवावा.

आतां निश्चयाविषयीं. “उद्यांपासून अभ्यास करीन” हा निश्चय नव्हे, ती सदिच्छा आहे. गोलविट्झर व ब्रांडस्टेटर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञांनीं 1997 सालीं एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. नाताळच्या सुटींत विद्यार्थ्यांस काम दिलें कीं, नाताळची पूर्वसंध्या कशी गेली ह्याचा वृत्तांत दोन दिवसांच्या आंत लिहून पाठवावा. ज्यांनीं तो कोठें व केव्हां लिहावयाचा हें आधींच ठरवून ठेवलें होतें, त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांशांनीं लिहिला. ज्यांनीं ठरविलें नव्हतें त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांशांनीं. म्हणून असें म्हणावें: “संध्याकाळची माळेची प्रार्थना संपली कीं मी पडवींतल्या टेबलावर बसेन व इतिहासाचीं दोन पानें घेईन.” जी गोष्ट घरांत रोज घडतेच तिच्या शेपटीला अभ्यास बांधावा. आणि आरंभीं पंचवीस मिनिटेंच बसावें, मग पांच मिनिटें उठावें. रोज दोन तासांचें वेळापत्रक रंगीत शाईनें लिहून भिंतीवर लावणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले. शाई सुकण्यापूर्वींच वेळापत्रक मोडलेलें असतें.

आणि हिशेब ठेवावा. इग्नेशियस ह्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या 1548 सालीं पोपमहाशयांनीं मान्य केलेल्या ग्रंथांत आत्मपरीक्षणाची एक युक्ति आहे. एकच दोष निवडावा, सर्व एकदम नव्हेत. दिवसास दोन रेघा आंखाव्या. दुपारीं व रात्रीं, जितक्या वेळां तो दोष घडला तितके ठिपके त्या त्या रेघेवर द्यावे. मग आजच्या रेघा कालच्यांशीं व हा आठवडा गेल्या आठवड्याशीं ताडून पाहावा. सेमिनरींत आम्ही हें यांत्रिकपणें करीत असूं. त्याची खरी किंमत घंटा बंद झाल्यावर कळली. तुम्ही वहीच्या शेवटच्या पानावर असेंच करा. अभ्यासाच्या वेळीं जितक्यांदां उठलां तितके ठिपके द्या. स्वतःस शिव्या देऊं नका, माफीही मागूं नका, केवळ मोजा. पहिल्या आठवड्याचे ठिपके पाहून लाज वाटेल. तिसऱ्या आठवड्यांत ते कमी करण्याची एक प्रकारची ईर्षा वाटूं लागते. कांहीं मुलांनीं आम्हांस आपल्या वह्या दाखविल्या आहेत. एकीनें तर ठिपक्यांशेजारीं कारणेंही लिहिलीं होतीं, आणि त्यांत “आईनें दुकानांत पाठविलें” हें कारण सात वेळां होतें.

तेव्हां आईबापांनो, आतां तुमच्याकडे वळणें प्राप्त आहे. मुलगी इंग्रजी माध्यमांत आहे, आपणांस त्यांतलें कांहीं समजत नाहीं, म्हणून आपला हात टेकला, असें तुमच्यापैकीं पुष्कळ म्हणतात. पुस्तक समजण्याची गरज नाहीं. ती पाऊण तास तिला दुकानांत पाठवूं नका, आणि तेवढा वेळ दूरदर्शन बंद ठेवा, म्हणजे झालें. रात्रीं तिनें पुस्तक मिटून आज काय शिकली तें सांगूं लागल्यास बसून ऐका. पहाटे चारला उठविण्याची रीतही सोडा, निदान रात्रीं अकराला झोपणाऱ्या मुलास तरी उठवूं नका. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोप लागते असें तज्ज्ञांचें मत आहे. आम्हीं पूर्वीं ह्याच विषयावर ह्याच्या नेमका उलट उपदेश अनेकदां केला आहे व तो येथें परत घेतों. शेवटची विनंती अशी कीं, शेजाऱ्याच्या मुलाचे गुण जेवतांना काढूं नयेत.

परीक्षेपूर्वीं कुपर्तिनोचे संत जोसेफ ह्यांच्या नांवानें मेणबत्त्या लावणारीं मुलें आम्हांस ठाऊक आहेत. लावा. परीक्षार्थींचे ते आश्रयदाते आहेत, आणि स्वतः अभ्यासांत फार कच्चे असल्यामुळें त्यांस तुमची दया येईल. पण मेणबत्ती फेब्रुवारींत लावण्यापेक्षां जून महिन्यांत, शाळा उघडतांच लावावी, अशी आमची सूचना आहे.

शाळेचें वर्ष सुरू झालें आहे, म्हणून एक व्यवस्था जाहीर करतों. ज्यांच्या घरीं एकच खोली आहे व तींत सहा माणसें आहेत, त्यांना पडवींतल्या टेबलाची गोष्ट सांगणें ही थट्टा होईल. येत्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज सायंकाळीं सात ते नऊ आपल्या धर्मग्रामाचें सभागृह अभ्यासासाठीं उघडें राहील. दारांत एक टोपली ठेविली आहे. फोन तींत टाकून आंत यावें. देखरेखीस आम्ही येणार नाहीं, कोणी सिस्टरही येणार नाहींत. पंचवीस मिनिटांची घंटा विद्यार्थ्यांनींच पाळीपाळीनें वाजवावयाची आहे. पहिल्या महिन्याची किल्ली दहावीच्या दोन मुलींनीं मागून घेतली आहे. मोगऱ्याच्या वाडीवाल्या त्या मुलासही आम्हीं निरोप धाडला होता. आठवड्यांतून एक दिवस येऊन लहानांस तोंडी हिशेब शिकवीन, असें त्यानें कळविलें आहे. वार मात्र फुलांच्या हंगामावर ठरेल. पंखे दुरुस्त झाले आहेत. पूर्वेकडील दोन दिवे अद्याप लागत नाहींत, तरी पहिले कांहीं दिवस पश्चिमेच्या बाजूस बसावें, आणि येतांना कोऱ्या कागदांची वही घेऊन यावें.